‘हे कन्फ्यूशियसमुळे’ असं प्रत्येक पेपरात असतं. पण ते मोजतात कसं?

निळी शाई (प्रश्न; पुढे मोजमाप, जुनी पोथी, नकाशा आणि उंबरठा या नावांनी इतरांची उत्तरं)

चिनी समाजावरचे मानसशास्त्राचे संशोधन-पेपर ओळीने वाचायला घेतले की एक स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा भेटतं. मुलं रात्री उशिरापर्यंत अभ्यास करतात, कारण कन्फ्यूशियस. कर्मचारी साहेबासमोर बोलत नाहीत, कारण कन्फ्यूशियस. रुग्ण ‘उदास वाटतं’ न सांगता ‘डोकं दुखतं’ सांगतो, त्यालाही कन्फ्यूशियस. प्रस्तावनेत लुन्यूमधलं (कन्फ्यूशियसच्या वचनांच्या संग्रहातलं) एखादं वचन, शेवटी चर्चेत पुन्हा तेच वचन, आणि मधल्या तक्त्यांत त्या विचाराचं मोजमाप कुठेच नाही.

चीन, तैवान आणि हाँगकाँगमधल्या संशोधनाचा आढावा लिहायचा आहे आणि त्यासोबत एक प्रश्नावलीही निवडायची आहे. तीन गाठी सुटत नाहीत.

एक, श्याओ, म्हणजे आईवडिलांप्रती असलेली निष्ठा आणि कर्तव्यभावना. ती जास्त असलेली मुलं अधिक समाधानी असतात असं काही अभ्यास सांगतात. काही अभ्यासांत तीच भावना नैराश्य, संकुचित विचार आणि कमी आत्मसन्मानाशी जोडलेली दिसते. दोन्ही खरं कसं?

दोन, मूळ ग्रंथांत जे आहे आणि प्रश्नावलीत जे विचारतात, त्यांचा एकमेकांशी संबंध किती?

तीन, एखादी गोष्ट खरोखर कन्फ्यूशियन परंपरेतून आली की दुसऱ्याच कशातून, हे ओळखायचं कसं?

---

मोजमाप

पहिल्या गाठीचं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं गेलं, त्यातून हा गोंधळ झाला.

हाँगकाँगमध्ये डेव्हिड हो यांनी 1970च्या दशकापासून श्याओ मोजायला सुरुवात केली. त्यांच्या मापनात आज्ञापालन, वडीलधाऱ्यांचा शब्द अंतिम मानणं आणि वंश चालवणं यांचा भार मोठा होता. साहजिकच त्यांना श्याओचं नातं हुकूमशाही नीतिवादाशी आणि विचारांच्या ताठरपणाशी सापडलं. मापनात जे घातलं तेच बाहेर आलं. त्यांचे निष्कर्ष चुकीचे नव्हते, पण ते श्याओच्या एका अंगाबद्दल होते.

2003 मध्ये तैवानच्या ये क्वांग-ह्वेई आणि ओल्वेन बेडफर्ड यांनी दुहेरी श्याओचं प्रारूप तपासलं. त्यांनी दोन अंगं वेगळी केली. पहिलं परस्परभावाचं श्याओ: आपल्याला वाढवल्याबद्दल कृतज्ञता, त्यांच्या तब्येतीची चौकशी, त्यांच्या मनात काय आहे हे बोलून समजून घेणं, ते कामात असतील तर आपणहून हात लावणं. दुसरं अधिकाराचं श्याओ: पटत नसलं तरी त्यांचं ऐकणं, त्यांच्या अपेक्षेसाठी स्वतःची स्वप्नं सोडणं, मित्राला दिलेला शब्द त्यांच्यासाठी मोडणं, घराण्याचं नाव चालवायला किमान एक मुलगा होऊ देणं. मूळ संचात प्रत्येक अंगाची 8 अशी एकूण 16 विधानं आहेत. पुढे 9 विधानांची छोटी आवृत्तीही झाली.

परस्परभावाचं अंग साधारणपणे समाधान, सहानुभूती आणि कमी भांडणांसोबत दिसतं. अधिकाराचं अंग चिंता, नैराश्य आणि दबून राहण्यासोबत जास्त दिसतं, पण हे दुसरं नातं नमुन्यानुसार बदलतं. म्हणून आढाव्यात ‘श्याओचा परिणाम’ असा एकच रकाना ठेवू नका. प्रत्येक अभ्यासाची विधानं उघडून बघा आणि कोणत्या अंगाची किती आहेत ते मोजा. हे एवढं केलं तरी परस्परविरोधी वाटणारे बरेचसे निकाल एका रांगेत येतात.

विश्लेषण करताना नेहमी होणाऱ्या चुका:

दोन्ही अंगांची बेरीज करून एकच स्कोअर काढणं ही सर्वांत मोठी. परिणाम उलट दिशांचे असले की ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती शून्य येतं. दोन्ही अंगं एकाच रिग्रेशनमध्ये (प्रत्येक घटकाचा परिणाम वेगळा काढणाऱ्या विश्लेषणात) एकत्र घाला. त्यांच्यात बहुधा थोडा धन सहसंबंध असतो. एकच अंग घातलं तर दुसऱ्याचा परिणाम त्याच्या अंगावर येतो.

दुसरी चूक कमाल मर्यादेची. कृतज्ञतेच्या विधानांना जवळजवळ सगळेच वरचा आकडा देतात. फरकच नसेल तर सहसंबंध कमकुवत येणारच, आणि मग ‘परस्परभावाचा काही परिणाम नाही’ असा चुकीचा निष्कर्ष लिहिला जातो. सरासरीसोबत विचलन आणि वितरणाचा आलेख आधी पाहा.

तिसरी चूक कारण-परिणामाची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. ज्या घरात माया आहे तिथे मूल कृतज्ञ असतं आणि समाधानीही असतं. म्हणजे परस्परभावाचा स्कोअर हा कित्येकदा नात्याच्या गोडव्याचाच दुसरा आकडा असतो. नात्याची गुणवत्ता वेगळी मोजून ती रिग्रेशनमध्ये घातल्यावर श्याओचं काही उरतं का ते तपासा. जमल्यास दोन वेळा मोजा आणि पालकांनाही वेगळं विचारा.

नियंत्रणासाठी वय, लिंग, भावंडांची संख्या, पालकांचं शिक्षण आणि मुख्य भूमीवर असाल तर ग्रामीण की शहरी हुकोऊ (सरकारी घरनोंदणी), हे किमान हवंच. ‘किमान एक मुलगा’ हे विधान तर एक-अपत्य धोरणाच्या काळात जन्मलेल्या एकुलत्या मुलीला वेगळंच ऐकू येतं. त्या विधानाचा भार (लोडिंग, म्हणजे ते विधान त्या अंगाशी किती घट्ट जोडलेलं आहे) मुलगे आणि मुली यांच्यासाठी वेगवेगळा काढून बघा.

---

जुनी पोथी

दुसऱ्या गाठीबद्दल लिहितो. ‘कन्फ्यूशियन’ या एका शब्दाखाली किमान तीन थर आहेत आणि पेपरांत ते सर्रास एकमेकांत मिसळतात.

पहिला थर लुन्यू आणि मेंगझी (नंतरचे कन्फ्यूशियन विचारवंत मेंगझी यांचा ग्रंथ). लुन्यूच्या दुसऱ्या प्रकरणात 5 ते 8 अशी चार वचनं सलग येतात. चौघं जण गुरूंना तोच प्रश्न विचारतात, श्याओ म्हणजे काय, आणि चौघांना चार उत्तरं मिळतात. एकाला सांगितलं, ‘उल्लंघन करू नकोस’. पुढे खुलासा येतो की जिवंतपणी सेवा, मग अंत्यविधी आणि मागाहूनचं पूजन, सगळं रीतीला धरून कर. दुसऱ्याला सांगितलं, आईवडिलांना तुझ्या आजारपणाखेरीज दुसरी काळजी नसावी. तिसरं उत्तर जास्त टोचणारं आहे: आजकाल पोसलं की श्याओ झालं असं समजतात, पण कुत्र्याघोड्यांनाही पोसतातच, आदर नसेल तर फरक कुठे राहिला? चौथं मला या सगळ्यांत अचूक वाटतं. त्याची सुरुवातच दोन अक्षरांची आहे, ‘चेहरा अवघड’. कामं करणं, जेवण वाढणं सोपं. ते करताना चेहऱ्यावर नाराजी न येऊ देणं अवघड.

आता या चार उत्तरांपुढे प्रश्नावली ठेवा. आदर आणि चेहऱ्यावरचा भाव हे जे ग्रंथात सर्वांत बारकाईने आलं आहे, तेच प्रश्नावलीत सर्वांत कमी आहे. कारण उघड आहे: आपल्या चेहऱ्यावर काय दिसलं हे माणूस स्वतः भरून देऊ शकत नाही. तिथे निरीक्षण लागतं.

सतराव्या प्रकरणात त्साय वो हा शिष्य आईवडिलांसाठीच्या तीन वर्षांच्या शोकाबद्दल तक्रार करतो. एक वर्ष पुरे, म्हणतो. तो गेल्यावर गुरू म्हणतात, मूल तीन वर्षांनी आईवडिलांच्या कुशीतून उतरतं. यात परतफेडीचा हिशेब स्पष्ट आहे. ये आणि बेडफर्ड यांच्या परस्परभावाचं बीज इथे आहे. मेंगझींच्या पाच नात्यांतही बाप-लेकासाठी वापरलेला शब्द ‘जवळीक’ असा आहे.

आणि आज्ञापालन? चौथ्या प्रकरणातल्या 18व्या वचनात आईवडिलांना हळुवारपणे चूक दाखवायला सांगितलं आहे; त्यांनी नाही ऐकलं तरी आदर सोडू नये आणि कुरकुर करू नये. म्हणजे एकाच वचनात दोन्ही अंगं आहेत. श्याओचिंग या ग्रंथात तर, बापाची आज्ञा पाळणं म्हणजेच श्याओ का, या प्रश्नावर गुरू ‘हे काय बोलणं झालं!’ असं म्हणून सुरुवात करतात. चुकीला अडवणारा मुलगा असेल तर बाप अधर्मात पडत नाही, हे त्याचं तात्पर्य.

दुसरा थर हान राजवटीपासूनचा (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) राजमान्य विचार. राजा प्रजेचा, बाप मुलाचा, नवरा बायकोचा आधारदोर, ही ‘तीन बंधनांची’ कल्पना हान काळात तुंग चोंगशू यांच्या परंपरेत घट्ट झाली. इथे दोन्ही बाजूंची जबाबदारी मागे पडून खालच्याची ताबेदारी पुढे आली. सन 653च्या थांग कायदेसंहितेत श्याओचा भंग ‘दहा महापातकां’पैकी एक होता. आईवडील हयात असताना वेगळं घर मांडणं त्यातच मोडत असे. अधिकाराच्या श्याओमागे शतकानुशतकं संस्कारासोबत दंडही होता, हे विसरून चालत नाही.

तिसरा थर लोककथांचा. युआन काळातल्या ‘चोवीस श्याओ-आदर्शां’त एक मुलगा सावत्र आईला मासा मिळावा म्हणून बर्फावर उघड्या अंगाने झोपतो. दुसरा म्हाताऱ्या आईच्या तोंडचा घास कमी पडू नये म्हणून स्वतःच्या लहान मुलाला पुरायला निघतो. आधुनिक चिनी लेखक लू श्युन यांनी याच गोष्टींवर कडाडून टीका केली. पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या कानावर लुन्यूपेक्षा या गोष्टी जास्त पडल्या.

तेव्हा पेपरात ‘कन्फ्यूशियन’ दिसलं की विचारा, कोणता थर? बहुतेक प्रश्नावल्या दुसरा आणि तिसरा थर मोजतात आणि प्रस्तावनेत वचन मात्र पहिल्यातलं असतं.

---

निळी शाई

हे थर मला हवेच होते. एक जोडप्रश्न: देशोदेशींच्या संस्कृतींची आकड्यांत तुलना करणाऱ्या हॉफस्टेडे यांचा ‘दीर्घकालीन दृष्टी’चा स्कोअर कन्फ्यूशियन मूल्यांचा निर्देशांक म्हणून वापरलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो घ्यावा का?

---

नकाशा

घेऊ नका. निदान त्या अर्थाने तरी नको.

हा निर्देशांक हाँगकाँगमधल्या मायकल बाँड यांच्या कामातून आला. त्यांनी चिनी सहकाऱ्यांना चिनी माणसाची मूलभूत मूल्यं सांगायला सांगितली, त्यातून 40 मूल्यांची यादी केली आणि 22 ठिकाणच्या विद्यार्थ्यांकडून ती भरून घेतली. निकाल 1987 मध्ये आले. पाश्चात्त्य यादी सगळीकडे वापरायची त्याऐवजी चिनी यादी सगळीकडे, ही कल्पना फार मोलाची होती. पण फॅक्टर ॲनालिसिस (कोणती मूल्यं एकत्र जातात ते शोधणारं विश्लेषण) देशांच्या सरासरींवर झालं, म्हणजे नग फक्त 22. असा घटक देशांची तुलना करायला चालतो. पेइचिंगमधला एक विद्यार्थी दुसऱ्यापेक्षा अधिक कन्फ्यूशियन आहे का, हे त्यातून कळत नाही.

त्या घटकाची रचनाही बघा. एका टोकाला चिकाटी, काटकसर, दर्जानुसार नात्यांची मांडणी आणि लाज. दुसऱ्या टोकाला परंपरेचा आदर, चेहरा राखणं, भेटी-उपकारांची परतफेड आणि स्थिरपणा. ही दोन्ही टोकं कन्फ्यूशियन परंपरेतलीच आहेत! म्हणजे स्कोअर जास्त आला तर माणूस अर्धा कन्फ्यूशियन विचार जास्त मानतो आणि अर्धा कमी. शिवाय चीनचा जुन्या मोजमापातला आकडा 118 आणि जागतिक मूल्य सर्वेक्षणावर आधारलेल्या नंतरच्या मोजमापातला 87. हे दोन वेगळ्या प्रश्नांतून आलेले वेगळे निर्देशांक आहेत. आढाव्यात दोन्ही एका रकान्यात पडलेले दिसले तर तो पेपर बाजूला ठेवा.

तिसऱ्या गाठीकडे येतो. मॅक्स वेबर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं की कन्फ्यूशियन वृत्ती भांडवलशाहीला पोषक नाही. 1980च्या दशकात हाँगकाँग, तैवान, सिंगापूर, दक्षिण कोरिया झपाट्याने पुढे गेले तेव्हा त्याचं श्रेयही कन्फ्यूशियन वृत्तीलाच दिलं गेलं. मागासलेपणाला तेच कारण आणि भरभराटीलाही तेच, असं होतं तेव्हा त्या कारणाला चाचणी लावण्याची सोयच उरलेली नसते.

चाचणी लावायची तर चीनच्या आत फरक शोधा. टॅल्हेल्म आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये सहा ठिकाणच्या 1,162 हान (चीनमधल्या बहुसंख्य समाजातल्या) विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक चाचणी अगदी साधी होती. आगगाडी, बस आणि रूळ यांपैकी कोणत्या दोन गोष्टी एकत्र? ‘आगगाडी आणि बस’ म्हणणारा प्रकार बघतो, ‘आगगाडी आणि रूळ’ म्हणणारा नातं बघतो. भातशेतीच्या भागातले विद्यार्थी नात्यानुसार जोड्या जास्त लावत होते, गव्हाच्या भागातले प्रकारानुसार. भाताला पाण्याची वाटणी लागते, लावणीला शेजाऱ्यांचे हात लागतात. गहू त्यामानाने एकट्याच्या बळावर निघतो, असा त्यामागचा तर्क. आता नकाशावर छ्वीफू शोधा, कन्फ्यूशियसचं गाव. ते शानतोंगमध्ये आहे, म्हणजे गव्हाच्या पट्ट्यात. एकमेकांत गुंतलेलं मन जर फक्त त्या शिकवणीने घडत असतं तर नकाशा असा दिसला नसता.

भाताच्या सिद्धांतावरही आक्षेप आले: उत्तर-दक्षिणेत हवामान, भाषा, समृद्धी असं बरंच काही वेगळं आहे. म्हणून 2024 मध्ये निंगश्या भागातल्या सरकारी शेतांवरचा अभ्यास महत्त्वाचा ठरला. तिथे लोकांना जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं भाताच्या किंवा गव्हाच्या शेतावर नेमलं गेलं होतं, त्यामुळे परिसर सारखा आणि पीक वेगळं. फरक तिथेही सापडला.

कन्फ्यूशियन प्रभाव थेट जमिनीवर मोजायची वाट अर्थशास्त्रज्ञांनी काढली आहे. जिल्ह्यात कन्फ्यूशियन मंदिरं किती होती, पतिनिष्ठ विधवांची सरकारदरबारी नोंद किती, शाही परीक्षेत चिनशी ही सर्वोच्च पदवी मिळवलेले किती. चेन, कुंग आणि मा यांनी मिंग-छिंग काळातले चिनशी मोजून दाखवलं की जिथे ते जास्त होते तिथे आजही लोक जास्त वर्षं शिकतात, परीक्षा 1905 मध्ये बंद झाली तरी. ‘श्रीमंत जिल्ह्यातच दोन्ही जास्त’ हा आक्षेप टाळायला त्यांनी जिल्ह्यापासून पाइन वृक्ष आणि बांबू यांच्या सर्वांत जवळच्या जागांपर्यंतचं नदीमार्गे अंतर वापरलं. पाइनपासून शाई, बांबूपासून कागद, आणि कागद-शाई जवळ तिथे पुस्तकं स्वस्त. मानसशास्त्राच्या पेपरांत मला असं काही हवं असतं. प्रश्नावलीच्या स्कोअरसोबत उत्तर देणाऱ्याच्या मूळ गावाचा जिल्हा नोंदवून ठेवा. एक रकाना वाढतो, पण नंतर अशी आकडेवारी त्याला जोडता येते.

---

उंबरठा

डोकेदुखीच्या मुद्द्यावर कुणी आलं नाही. उपचाराच्या बाजूने तो सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

आर्थर क्लाइनमन यांनी 1980 मध्ये छांगशा इथल्या हुनान वैद्यकीय महाविद्यालयात ‘शनचिंग श्वायरुओ’, म्हणजे मज्जातंतूंचा थकवा, असं निदान झालेले 100 रुग्ण तपासले. डोकेदुखी, झोप न लागणं, चक्कर अशा तक्रारी. पाश्चात्त्य निकष लावल्यावर त्यांतले 87 तीव्र नैराश्याच्या व्याख्येत बसले. यावरून ‘चिनी माणूस कन्फ्यूशियन संयमामुळे भावना दाबतो आणि त्या शरीरातून बाहेर पडतात’ असं वाक्य पाठ्यपुस्तकांत रुजलं.

क्लाइनमन यांनी स्वतः मात्र त्या रुग्णांच्या आयुष्यातलं राजकारण समोर ठेवलं होतं. सांस्कृतिक क्रांती संपून तेव्हा चारच वर्षं झाली होती. त्या काळात मनाची खिन्नता म्हणजे चुकीचे विचार असा अर्थ लावला जाई. ‘मला सगळं व्यर्थ वाटतं’ म्हणणं धोक्याचं होतं. ‘माझं डोकं दुखतं’ म्हणण्यात धोका नव्हता, उलट त्यावर रजा किंवा हलकं काम मिळू शकत होतं. याचं कारण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात शोधायची घाई का करायची? आणि मानसशास्त्र हा विषयच सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात बंद पडला होता. पेइचिंग विद्यापीठात 1917 मध्ये प्रयोगशाळा आणि 1921 मध्ये राष्ट्रीय संघटना असलेल्या देशात तो 1970च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभा करावा लागला. ‘मला नैराश्य आहे’ हे बोलायचे शब्दच लोकांच्या हाती कमी होते.

2008 मध्ये रायडर आणि सहकाऱ्यांनी छांगशा आणि टोरांटो इथल्या बाह्यरुग्णांची तुलना केली. त्यांनी तीन पद्धती वापरल्या: रुग्ण आपणहून काय सांगतो, ठरावीक मुलाखतीत काय सांगतो, यादीवर काय खुणावतो. कॅनडातले रुग्ण मानसिक लक्षणांवर देत असलेला भर हाच दोन गटांतला अधिक ठळक फरक निघाला. म्हणजे प्रश्न उलटा करूनही विचारता येतो: पाश्चात्त्य रुग्ण मनाबद्दल एवढं का बोलतो? दुसरं म्हणजे, तुम्ही कसं विचारता यावर उत्तर बदलतं. आढाव्यात शारीरिक तक्रारींवरचे अभ्यास घ्याल तेव्हा माहिती यांतल्या कोणत्या पद्धतीने गोळा केली याची नोंद प्रत्येकापुढे कराच. आपणहून सांगितलेलं आणि यादीवर खुणावलेलं एकत्र करू नका.

समुपदेशनात श्याओचा संघर्ष आला की एक चूक वारंवार होते: समुपदेशक त्याला ‘आईवडिलांपासून मोकळं व्हा’ या दिशेने ढकलतो. मोजमाप यांनी सांगितलेली दोन अंगं इथे हातात धरण्यासारखी आहेत. आधी व्यक्तीकडून कर्तव्यांची यादी काढून घ्यायची, मग प्रत्येक गोष्ट मायेपोटी होते की धाकापोटी हे तिच्याच शब्दांत वेगळं करायचं. मायेच्या बाजूला हात लावायचा नाही. धाकाच्या बाजूतली सर्वांत छोटी गोष्ट निवडून, आदर न सोडता नकार कसा द्यायचा याचा सराव करायचा. जुनी पोथी यांनी दिलेलं हळुवारपणे चूक दाखवण्याचं वचन अशा वेळी उपयोगी पडतं, कारण नकाराला परंपरेतलंच घर मिळतं. घरात मारहाण किंवा छळ असेल तर मात्र ही पद्धत नाही. तिथे सुरक्षितता आधी.

परंपरेतून उपचार घडवायचा झाला तर कन्फ्यूशियसच हवा असंही नाही. छांगशाच्याच गटाने ताओ विचारावर आधारलेली बोधात्मक उपचारपद्धती तयार केली आणि 2002 मध्ये चिंताविकाराच्या 143 रुग्णांवरचा निकाल मांडला. केवळ औषध घेतलेल्यांना महिन्याभरात उतार पडला, पण सहा महिन्यांनी तो टिकला नाही. ताओ पद्धतीचा परिणाम हळू आला आणि टिकला.

---

जुनी पोथी

अभ्यासू मुलांचा मुद्दा राहिला. त्यात ‘क्वान’ हा शब्द सांभाळा. रूथ चाओ यांनी 1994 मध्ये दाखवलं की चिनी आया ‘हुकूमशाही’ पालकत्वाच्या मापावर वरचे गुण घेतात, पण त्या ज्याला क्वान म्हणतात त्यात ताबा ठेवणं आणि जपणं दोन्ही एकत्र आहे. पाश्चात्त्य मापात हे दोन्ही वेगवेगळ्या टोकांना असतं, म्हणून ते माप इथे घसरतं. फक्त लक्षात ठेवा, त्या अभ्यासातल्या 50 चिनी आया अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या होत्या. शांघायच्या किंवा कान्सूच्या खेड्यातल्या आईबद्दल त्यावरून थेट बोलू नये.

---

मोजमाप

प्रश्नावली निवडायची आहे म्हणून शेवटचं, भाषांतराबद्दल.

चिनीत रोजच्या बोलण्यातला शब्द ‘श्याओशुन’ आहे. त्यात श्याओला ‘शुन’ जोडलेला आहे, आणि शुन म्हणजे मर्जीप्रमाणे वागणं, ऐकण्यात असणं. विधानात हा शब्द आला की दोन्ही अंगं एका दमात विचारली जातात आणि नंतर कुठल्याही विश्लेषणाने ती सुटी होत नाहीत. विधानं कृतीची ठेवा. ‘मी श्याओशुन आहे’ नको. ‘पटत नसलं तरी नोकरी त्यांच्या सांगण्यावरून निवडेन’ चालेल. तसाच ‘थिंगह्वा’, शब्दशः ‘बोललेलं ऐकणारं’. लहान मुलाबद्दल तो कौतुकाचा शब्द आहे. इंग्रजीतून चिनीत आणि पुन्हा इंग्रजीत असं उलट भाषांतर केलं की ‘आज्ञाधारक’ बरोबर परत येतं आणि कौतुक वाटेत गळतं. उलट भाषांतरात सगळं जुळलं म्हणून समाधान मानू नका. 8 ते 10 जणांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला सांगून ‘हे वाचताना कोण डोळ्यासमोर आलं?’ एवढं विचारलं तरी बिघडलेली विधानं सापडतात.

उत्तरांची श्रेणी सम संख्येची, सहा पर्यायांची घ्या. चेन, ली आणि स्टीव्हन्सन यांनी 1995 मध्ये दाखवलं होतं की जपानी आणि चिनी विद्यार्थी उत्तर अमेरिकेतल्यांपेक्षा मधला पर्याय जास्त निवडतात. ‘मध्यममार्ग’ हे मूल्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत तर हे फारच घातक: भरण्याची सवय आणि मोजायचं मूल्य एकाच जागी येऊन बसतात.

तैवान, हाँगकाँग आणि मुख्य भूमी एकत्र करायच्या आधी मापन तिन्हीकडे सारखं चालतं का ते पायरीपायरीने तपासा. आधी घटकांची रचना सारखी आहे का, मग विधानांचे भार, मग छेद (इंटरसेप्ट, म्हणजे विधानाची सुरुवातीची पातळी). एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना सीएफआय (प्रारूप माहितीशी किती जुळतं याचा आकडा) 0.01 पेक्षा जास्त घसरला तर तिथेच थांबा. भार जुळले पण छेद जुळले नाहीत, हे बरेचदा होतं. अशा वेळी प्रत्येक समाजाच्या आतले सहसंबंध शेजारी ठेवता येतात, सरासरींची तुलना करता येत नाही.

आणि तुलनेच्या आरशाचं भान ठेवा. ‘मी आईवडिलांची विचारपूस करतो’ याला आकडा देताना माणूस स्वतःची तुलना आजूबाजूच्यांशी करतो. जिथे सगळेच रोज फोन करतात तिथे आठवड्यातून तीनदा करणारा स्वतःला कमी गुण देतो. 2013 पासून चीनच्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वेगळं राहणाऱ्या मुलांनी वारंवार भेटावं किंवा चौकशी करावी असं कलमच आहे, त्यामुळे कायद्याला धरून उत्तर द्यायचा दबावही आला. म्हणून विधानांसोबत चार-पाच मोजता येणाऱ्या गोष्टी विचारा: गेल्या 7 दिवसांत किती वेळा बोललात, फोन कुणी लावला, गेल्या महिन्यात किती युआन पाठवले किंवा घेतले, शेवटचं घरी जाणं कधी झालं. ‘फोन कुणी लावला’ हा प्रश्न गाळू नका; किती वेळा बोललात या आकड्यात मुलाची विचारपूस आणि आईची काळजी दोन्ही मिसळलेली असतात.